तुम्ही विचारलंत म्हणून: हेर्मन खरंच पनवती होता का?

इंग्लंडच्या फुटबॉलची सगळ्यात वरची डिव्हिजन म्हणजे प्रीमियर लीग; तिच्या गप्पा रंगल्या की जुन्या चाहत्यांपैकी कुणीतरी हा प्रश्न काढतोच: ‘तो आइसलँडचा हेर्मन, जिथे गेला तो क्लब बुडाला. पनवतीच म्हणायचा ना?’ आपली इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल बघणारे तोच विषय दुसऱ्या टोकाने धरतात. २०१८ साली केरळा ब्लास्टर्सच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक डेव्हिड जेम्सबरोबर असायचा तो दांडगा माणूस कोण, आणि मुंबईने त्यांना सहा गोल घातले त्याचा दोष त्याच्याकडे किती जातो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. पण नुसतं नाही म्हणून कुणी ऐकत नाही, कारण वरवर बघितलं तर आकडे त्याच्या विरोधातच बोलतात. तेव्हा आकड्यांपासूनच सुरुवात करू.

त्याआधी नावाचं एक. हेर्मन ह्रेइदार्सोन यातलं ह्रेइदार्सोन हे आडनाव नाही. ह्रेइदारचा मुलगा तो ह्रेइदार्सोन, इतकंच. आपण मधे वडिलांचं नाव लावतो आणि शेवटी आडनाव. तिकडे बहुतेकांना आडनावच नसतं, गाडी वडिलांच्या नावावर थांबते. त्यामुळे आइसलँडची वर्तमानपत्रंसुद्धा त्याला ‘हेर्मन’ म्हणतात. त्यात सलगी नाही, रिवाजच तसा आहे. इथेही तेच करतो.

जन्म ११ जुलै १९७४. डाव्या पायाचा बचावपटू, लेफ्ट बॅक (डाव्या कडेला) आणि सेंटर बॅक (मधोमध) दोन्ही जागी चालणारा. आइसलँडकडून ८९ सामने. प्रीमियर लीगमध्ये तीनशेच्या वर सामने, पाच क्लबांकडून. आणि हे पाचही क्लब तो असताना खालच्या डिव्हिजनमध्ये गेले: क्रिस्टल पॅलेस १९९८, विम्बल्डन २०००, इप्सविच २००२, चार्ल्टन २००७, पोर्ट्समथ २०१०. नेथन ब्लेक हा स्ट्रायकरही पाच वेळा घसरला, पण त्यातल्या दोन वेळा बोल्टनबरोबरच. पाच वेगवेगळ्या क्लबांचा मान हेर्मनचा.

नियम माहीत नसेल तर: २० क्लब, प्रत्येकी ३८ सामने, जिंकलं तर ३ गुण, बरोबरीला १. शेवटचे तीन खाली जातात आणि खालून तीन वर येतात. आता एकेक क्लब बघा. एकेक यासाठी, की पाचही वेळा कारण वेगळं आहे, आणि तेच या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

पॅलेस १९९७ मध्ये प्ले-ऑफ, म्हणजे बढतीच्या शेवटच्या जागेसाठीचे बाद सामने, जिंकून वर आला होता. हेर्मन त्याच उन्हाळ्यात आयबीव्ही या आइसलँडच्या क्लबातून तिथे पोचला, वय २३. त्या संघाला घरच्या मैदानावर पहिला लीग विजय मिळाला तो १८ एप्रिल १९९८ ला, म्हणजे मोसम संपत आल्यावर. मधेच प्रशिक्षक बदलला आणि इटलीचा अत्तिलिओ लोम्बार्दो खेळता खेळता संघही सांभाळू लागला. ३३ गुण, सगळ्यात शेवटी. परदेशातून नुकत्याच आलेल्या पोराच्या माथी हे मारायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

आणि लगेच पुढची गोष्ट बघा. पॅलेसचा मालक रॉन नोड्स याने १९९८ मध्ये क्लब विकला, चौथ्या पातळीवरचा ब्रेंटफर्ड घेतला आणि स्वतःच तिथला मॅनेजर होऊन बसला. मग त्या क्लबच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात मोठी रक्कम मोजून त्याने उचलला कोण? हेर्मन. वर्षभर ज्याने त्याला घरातून पाहिलं, त्याच माणसाने स्वतःच्या खिशातले पैसे लावले. ब्रेंटफर्डने त्याच मोसमात डिव्हिजन जिंकली, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये विम्बल्डनने सुमारे २५ लाख पौंड देऊन त्याला नेलं. ब्रेंटफर्डचा पैसा वर्षभरात कितीतरी पटीने सुटला. पनवतीवर असा नफा होत नाही.

विम्बल्डनचं प्रकरण खेळाच्या अंगाने मजेदार आहे. क्लब १९८६ पासून वरच्या डिव्हिजनमध्ये होता. स्वतःचं मैदान नव्हतं, पॅलेसच्याच सेलहर्स्ट पार्कवर भाड्याने खेळायचे. मालक नॉर्वेचे, आणि मॅनेजर नॉर्वेचाच एगिल ओल्सेन, जो झोनल मार्किंगचा आग्रही होता. संघातल्या जुन्या कंपूची सवय मात्र माणूस धरायची.

हा फरक कागदावर दिसतो तेवढा किरकोळ नाही. माणूस धरायचा म्हणजे कॉर्नरला प्रत्येक बचावपटूला एक गिऱ्हाईक ठरवून दिलेलं असतं. तो जाईल तिथे जायचं, आणि गोल झाला तर कोणाचा माणूस सुटला हे सगळ्यांना दिसतं. झोनलमध्ये चार-पाच जण गोलसमोर ठरावीक अंतराने उभे राहतात. आपल्या पट्ट्यात चेंडू आला की पुढे होऊन तो काढायचा, समोर कोण आहे याची चिंता करायची नाही. नीट बसवलं तर हे उत्तम चालतं. बिघडतं दोन ठिकाणी. एक, हल्लेखोर सहा-सात पावलं धावत येऊन उडी मारतो आणि बचावपटू जागेवरून. धावत आलेल्याची उडी उंच जाणारच. दोन, चेंडू बरोबर दोन पट्ट्यांच्या मधे पडला की ‘तुझा की माझा’ यात अर्धा सेकंद जातो. हा अर्धा सेकंद सरावानेच भरून निघतो, आणि त्याला महिने लागतात. ऑक्टोबरात आलेल्या माणसाला ते महिने कोण देणार? मोसम संपायला दोन सामने उरले असताना ओल्सेनला काढलं. १४ मे २००० ला विम्बल्डन साउदॅम्प्टनमध्ये ०-२ हरला, तिकडे ब्रॅडफर्डने लिव्हरपूलला १-० हरवलं. ३३ विरुद्ध ३६ गुण. तीन गुणांनी गेले.

इप्सविचवर जरा थांबू, कारण पनवतीवाल्यांचा युक्तिवाद इथेच कोसळतो. इप्सविच २००० मध्ये प्ले-ऑफ जिंकून नुकताच वर आला होता. सुमारे ४० लाख पौंडांना हेर्मन आला आणि जॉर्ज बर्लीच्या त्या संघाने ६६ गुण मिळवून पाचवा क्रमांक काढला. तिसऱ्या क्रमांकापर्यंतच्या क्लबांना चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, खेळायला मिळायची. तिसऱ्या लिव्हरपूलचे ६९ गुण, म्हणजे तीन गुणांनी हुकली. नव्याने वर आलेल्या क्लबाने हे करणं त्या काळातसुद्धा आश्चर्यच होतं. मागे हेर्मन होता, तेव्हा मात्र त्याला कुणी लकी म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी युएफा कप, म्हणजे युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा, आला. टॉर्पेडो मॉस्को, हेल्सिंगबोर्ग यांना काढून पुढे इंटर मिलान. घरी १-० जिंकले आणि इंटरच्या सान सिरो मैदानावर १-४ हरले. युरोपचे सामने आठवड्याच्या मधे येतात. गुरुवारी रात्री परदेशात खेळून शुक्रवारी परतायचं आणि रविवारी लीगचा सामना. मधे सराव असा होतच नाही, नुसती विश्रांती आणि मालीश. मोठ्या क्लबाकडे बावीस-चोवीस तोलामोलाचे खेळाडू असतात, ते आळीपाळीने उतरवतात. इप्सविचकडे तेवढे नव्हते, म्हणून गोलरक्षक मातेओ सेरेनी आणि नायजेरियाचा फिनिडी जॉर्ज यांच्यावर मोठा खर्च केला. बसलेली घडी बदलली. अर्धा मोसम तळाशी, मग हिवाळ्यात अचानक विजयांची रांग, मग पुन्हा घसरण. शेवटच्या दिवशी लिव्हरपूलने ५-० हाणले. ३६ गुण, अठरावा क्रमांक.

खाली गेल्यावर टीव्हीचा पैसा आटतो, पण खेळाडूंचे करार पाचव्या क्रमांकाच्या काळातल्या पगाराचे असतात. त्यातच २००२ मध्ये खालच्या डिव्हिजनचे सामने दाखवणारी आयटीव्ही डिजिटल ही वाहिनी बुडाली. फेब्रुवारी २००३ मध्ये इप्सविचचा कारभार प्रशासकाच्या, म्हणजे देणी न फेडू शकणाऱ्या क्लबावर नेमल्या जाणाऱ्या माणसाच्या, हाती गेला आणि त्याच मोसमात हेर्मन चार्ल्टनला विकला गेला, घेतलेल्या किमतीच्या कितीतरी खाली. म्हणजे तो क्लब बुडवून पळाला नाही. बुडत्या क्लबाने देणी भागवायला जे विकता येईल ते विकलं, त्यात तो होता.

चार्ल्टनचं लवकर आटोपतं. अॅलन कर्बिशलीच्या हाताखाली २००३-०४ मध्ये सातवा क्रमांक, मग गुणतक्त्याच्या मध्यावर सुखाने मुक्काम. पंधरा वर्षं टिकलेला कर्बिशली २००६ मध्ये गेला, पुढच्या एकाच मोसमात तीन मॅनेजर झाले: डाउई, रीड, पार्ड्यू. ३४ गुण, एकोणिसावा क्रमांक. तीन मॅनेजर म्हणजे बचावपटूला एका वर्षात तीन वेगळ्या सूचना; बचावाची लाइन वर ठेवा, खाली ठेवा, मधे ठेवा. याहून अधिक सांगण्यासारखं काही नाही.

पोर्ट्समथला तो २००७ मध्ये फुकटात आला आणि दहा महिन्यांत एफए कप ही इंग्लंडची जुनी बाद स्पर्धा जिंकला. त्या कपचे निकाल बघण्यासारखे आहेत: इप्सविच १-०, प्लिमथ २-१, प्रेस्टन १-०, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड १-०, वेस्ट ब्रॉम १-०, आणि १७ मे २००८ ला वेम्ब्लीत कार्डिफ १-०. सहा सामने, खाल्लेला गोल एक. फायनलला गोलमध्ये जेम्स. समोर जॉन्सन, कॅम्पबेल, डिस्टिन आणि डावीकडे हेर्मन. उताकाचा क्रॉस कार्डिफच्या गोलरक्षकाच्या हातून निसटला आणि कानूने आत ढकलला, तेवढाच गोल. बाकी वेळ या चौघांनी दार लावून घेतलं होतं. जेम्स आणि कॅम्पबेल ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मग दोन वर्षांत सगळं फाटलं. २००९-१० या एका मोसमात पोर्ट्समथने चार मालक पाहिले. पगार वेळेवर होईनात. फेब्रुवारी २०१० मध्ये प्रशासक नेमला गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना ही वेळ आलेला हा पहिला क्लब. शिक्षा म्हणून ९ गुण कापले, शेवटी हातात राहिले १९. कापले नसते तरी २८ च होत होते आणि तरीही क्रमांक शेवटचाच होता, हे पोर्ट्समथचे लोक सांगत नाहीत.

त्याच मार्चमध्ये टॉटनहॅमविरुद्ध हेर्मनच्या टाचेवरची शीर तुटली. पोटरीचा स्नायू टाचेला जिथे बांधलेला असतो ती अकिलिसची जाड दोरी. ती टकरीत क्वचितच तुटते; पंजावर जोर देऊन निघायच्या क्षणी तुटते. टाचेच्या वर दोन-सहा सेंटिमीटरच्या टप्प्यात तिला रक्तपुरवठा कमी असतो, वयाने ती ताठ होते, आणि पस्तिशीचा बचावपटू दिवसाला शेकडो वेळा तोच जोर देत असतो. तुटताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटतं, वळून बघावं तर मागे कोणीच नसतं. मैदानावर परतायला सहा ते नऊ महिने, आणि पहिल्या दोन पावलांचा झटका पूर्वीसारखा बहुधा येत नाही. मे महिन्यात पोर्ट्समथ पुन्हा एफए कपच्या फायनलला होता, तेव्हा हा बाहेर. तो परत खेळला, पण दुसऱ्या डिव्हिजनमध्ये.

आता पाचही क्लबांच्या हिशेबाच्या वह्या शेजारी ठेवा. पॅलेस १९९९ मध्ये प्रशासकाकडे, इप्सविच आणि विम्बल्डन २००३ मध्ये, पोर्ट्समथ २०१० मध्ये. पाचातले चार. चार्ल्टन तेवढा वाचला, पण तोही पुढे २००९ मध्ये आणखी एक पायरी खाली गेला. हे क्लब झेपेल त्याहून जास्त उडी मारणारे होते, आणि अशा क्लबांना बाजारात एक विशिष्ट प्रकारचा बचावपटू लागतो: तयार, महिनाभरात रुळणारा, दोन जागी चालणारा, फार महाग नसलेला. हेर्मन तसा होता. सगळ्यात वरच्या सहा क्लबांना तो नको होता आणि खालच्या डिव्हिजनला परवडत नव्हता. उरली कोण? ज्यांच्या डोक्यावर टांगती तलवार तेच. अग्निशमन दलाचा माणूस प्रत्येक आगीच्या ठिकाणी दिसतो म्हणून काडी त्याने लावली असं होत नाही.

ज्यांना अजूनही पनवती म्हणायचंच आहे त्यांच्यासाठी आणखी एक माहिती मी स्वतःच पुरवतो. २०११-१२ मध्ये तो आधी पोर्ट्समथकडे होता, जानेवारीत कोव्हेंट्रीला गेला. मोसमाअखेर दुसऱ्या डिव्हिजनमधून खाली कोण गेलं? डॉनकॅस्टर, कोव्हेंट्री आणि पोर्ट्समथ. खुशाल हसा.

अशा क्लबात लेफ्ट बॅकचं काम नेमकं काय, हे एकदा जवळून पाहू. चेंडू आपल्या बाजूला आहे आणि विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू, समोरून येतोय. अंतर दीड-दोन मीटर. उजवा पाय पुढे, डावा मागे, छाती टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे, वळलेली आणि स्वतः किंचित आतल्या बाजूला. म्हणजे आतली वाट बंद, बाहेरची उघडी. त्याला रेषेकडे जाऊ द्यायचं, कारण रेषा हा आणखी एक बचावपटू असतो. दोन्ही पाय सरळ रेषेत ठेवून समोरासमोर उभा राहिलात की संपलं: एक तर चेंडू पायांमधून जातो, नाहीतर वळायला लागणाऱ्या वेळात तो निघून जातो.

पण खरी परीक्षा चेंडू दुसऱ्या बाजूला असताना. तेव्हा लेफ्ट बॅकने रेषा सोडून आत यायचं, सेंटर बॅकपासून आठ-दहा मीटरवर, आणि मान सतत फिरती ठेवायची: चेंडू, माणूस, चेंडू. नवखा चेंडूकडे बघत राहतो आणि त्याच्या पाठीमागून विंगर लांबच्या खांबाशी मोकळा पोचतो. तळातल्या संघाकडे चेंडू कमी वेळ असतो, म्हणून क्रॉस जास्त येतात, म्हणून असा प्रसंग सामन्यात पंधरा-वीसदा येतो. हेर्मन मुळात अर्धा सेंटर बॅक असल्याने हवेतला चेंडू त्याचाच. उणी बाजू तीच, वळायला वेळ लागायचा. छोटा, चपळ, दोन्हीकडे कापणारा विंगर त्याला जड जायचा, आणि तेव्हा डावा मिडफिल्डर मदतीला खाली येणार की नाही यावर सगळं अवलंबून असायचं.

प्रशिक्षक हेर्मन कळायचा तर त्याचं बेट कळायला हवं. वेस्टमन्नेयार हा आइसलँडच्या दक्षिणेचा द्वीपसमूह. वस्ती एकाच बेटावर, लोक साडेचार हजारांच्या आसपास. २३ जानेवारी १९७३ च्या पहाटे गावाच्या कडेलाच जमीन फाटून ज्वालामुखी सुरू झाला. मासेमारीच्या बोटींतून एका रात्रीत गाव रिकामं केलं, आणि बंदराच्या तोंडाशी येणारा लाव्हा समुद्राचं पाणी मारून थिजवला. हेर्मन पुढच्या वर्षीचा. या एवढ्याशा गावाच्या आयबीव्हीने १९७९, १९९७ आणि १९९८ मध्ये आइसलँडची लीग जिंकली आहे. ९७ च्या मोसमात तो अर्ध्यावर पॅलेसला गेला आणि मागे क्लब विजेता झाला, यावर पनवतीवाले काय म्हणतील ते म्हणोत. राष्ट्रीय संघाला युरो २०१६ आणि २०१८ च्या विश्वचषकाला नेणारा हेइमिर हाल्ग्रिम्सोन याच बेटावरचा, पेशाने दंतवैद्य, आधी आयबीव्हीचाच प्रशिक्षक.

२०१३ मध्ये हेर्मन आयबीव्हीचा प्रशिक्षक झाला आणि त्याने बोलावून घेतलं कोणाला, तर डेव्हिड जेम्सला. इंग्लंडचा माजी गोलरक्षक, वय ४२, आणि मैदान गवताळ डोंगरकड्यांच्या पायथ्याशी. युरोपा लीगच्या पात्रता फेरीत रेड स्टार बेलग्रेडने त्यांना काढलं. एक मोसम करून हेर्मन निघाला. मग रेक्याविकचा फिल्किर, २०१५ च्या मध्यापासून. २०१६ मध्ये तो क्लब खाली गेला. प्रशिक्षक म्हणून ही पहिली घसरण, आणि इथे मात्र जबाबदारी त्याचीच. पूर्ण मोसम त्याच्या हातात होता.

आता भारत. जानेवारी २०१८ मध्ये ब्लास्टर्सने जेम्सला परत आणलं आणि जेम्सने हेर्मनला. जेम्सचा पहिला सामना ४ जानेवारीला कोचीत पुणे सिटीशी १-१. पुढच्या महिनाभरात ब्लास्टर्सनी अंधेरीत मुंबईला १-० आणि बालेवाडीत पुण्याला भरपाई वेळेतल्या विनीतच्या गोलवर २-१ हरवलं. मोसम सहाव्या क्रमांकावर संपला. पुढचा मोसम कोलकात्यात २-० विजयाने सुरू झाला आणि तिथेच अडकला: १२ सामन्यांत तेवढा एकच विजय, ६ बरोबऱ्या, ५ पराभव, ९ गुण. १६ डिसेंबर २०१८ ला अंधेरीत मुंबईने ६-१ केलं, त्यातले चार सेनेगलच्या मोदू सूगूचे. दोन दिवसांत जेम्सची कारकीर्द संपली.

दोष किती? बाराव्या सामन्याच्या आधीच्या सहांपैकी काही बरोबऱ्यांत आघाडी घेऊन ती सोडण्याचा रोग दिसत होता, आणि तो बचावाचाच रोग आहे. सहायकाने त्यातला वाटा घ्यायलाच हवा. पण संघनिवड मुख्य प्रशिक्षकाची असते. गंमत एवढीच की हेर्मनच्या सगळ्या प्रवासात खाली जायची सोयच नव्हती अशी लीग ही एक. ब्लास्टर्स दहांत नववे आले आणि पुढच्या वर्षी त्याच जागी खेळले. पुणे सिटी मात्र २०१९ मध्ये आर्थिक कारणांनी बंदच पडला. खाली जाण्याचा नियम नसलेल्या लीगमधला क्लब असाही बुडतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅम्पबेलने त्याला इंग्लंडच्या तिसऱ्या डिव्हिजनमधल्या साउथएंडला सहायक म्हणून नेलं. सुरुवातच डॉनकॅस्टरकडून १-७ ने. कोरोनाने मोसम थांबला आणि प्रति सामना गुणांच्या हिशेबाने साउथएंड खाली गेला. इथे दोघं पोचले तेव्हाच क्लबाची हालत वाईट होती. तरी माझं मत असं, की जेम्स आणि कॅम्पबेल यांच्या मागे सहायक म्हणून फिरणं हा त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात कमी उपयोगाचा काळ. जुन्या मित्राचा सहायक स्पष्ट बोलत नाही, आणि सहायकाचं निम्मं काम स्पष्ट बोलण्याचंच असतं.

त्याचं चांगलं काम लहान जागी दिसतं. २०२० मध्ये त्याने थ्रोत्तुर वोगुम घेतला. रेक्याविक आणि केफ्लाविक यांच्या मधलं वोगार हे हजार-तेराशे वस्तीचं गाव. २०२१ मध्ये या संघाने तिसरी पातळी जिंकली आणि इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या पातळीवर पोचला. लगेच आयबीव्हीने त्याला परत बोलावलं. २०२२ मध्ये टिकले, २०२३ मध्ये खाली गेले. आणि क्लबाने त्याला काढलं नाही. २०२४ मध्ये त्याच माणसाने दुसरी पातळी जिंकून क्लब परत वर नेला. खेळाडू म्हणून एकदाही न मिळालेली गोष्ट: जिथे बुडालं तिथेच थांबून गळती बुजवायची सवड.

बेटावर हे काम कसलं असतं ते ऐका. मुख्य भूमीवरचं लांदएयाहोफ्न हे बंदर जवळ, हेर्योल्फुर फेरी पाऊण तासाच्या आत पोचवते. पण ते बंदर वाळूच्या किनाऱ्यावर बांधलेलं. दक्षिणेकडच्या लाटा वाळू आणून तोंड भरतात, हिवाळ्यात गाळ काढणारं जहाजही काम करू शकत नाही. मग फेरी थोर्लाक्सहोफ्नला वळते आणि तोच प्रवास पावणेतीन तासांचा होतो. लीग एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे तयारी नेमकी हिवाळ्यात. मुख्य भूमीवरच्या शहरातला संघ बसने सामन्याला जातो; यांना फेरीचं वेळापत्रक, वारा आणि परतीची शेवटची बोट धरून सरावाचा आठवडा आखावा लागतो. पैशाचा मोठा आधार म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेरीचा थ्योदहातिद हा लोकोत्सव, जो क्लबच भरवतो. त्या दिवसांत वस्तीच्या काही पट माणसं बेटावर उतरतात.

लीगचा साचाही समजून घ्या. २०२२ पासून वरच्या पातळीवर १२ संघ २२ फेऱ्या खेळतात, मग वरचे सहा आणि खालचे सहा वेगळे होऊन आणखी पाच फेऱ्या. शेवटचे दोन खाली. म्हणजे सप्टेंबरपासून तळातले संघ फक्त एकमेकांशी भिडतात आणि प्रत्येक सामना दुहेरी मोलाचा. दुसऱ्या पातळीवर पहिला सरळ वर जातो, आणि २०२३ पासून दुसरा ते पाचवा प्ले-ऑफ खेळून एकच जागा भांडून घेतात.

२०२४ नंतर आयबीव्ही सोडून हेर्मनने कोपावोगुरचा एचके घेतला. तोही नुकताच खाली आलेला. २०२५ मध्ये त्याने त्यांना प्ले-ऑफच्या फायनलपर्यंत नेलं, आणि रेक्याविकच्या राष्ट्रीय मैदानावर ती एक जागा केफ्लाविक घेऊन गेला.